कानाला न कळणारं यंत्र

आयटीआयला असताना आम्हाला डाव्या आट्यांचा धडा शिकवणारे सर सेव्हर्न बोगद्याची गोष्ट सांगायचे. गॅस वेल्डिंगच्या सेटवर ऑक्सिजनच्या नळीला उजवे आटे आणि ॲसिटिलीनच्या नळीला डावे, हे त्यांनी आधी दाखवलं. मग डाव्या आट्यांच्या नटाच्या कडांवर खाच का पाडतात ते सांगितलं. आणि मग म्हणाले, "ही खाच नव्हती म्हणून काय झालं ते ऐका." पुढं मी पंपांच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या मशीन करायच्या धंद्यात पडलो, तेव्हा ती गोष्ट शोधून पुरती वाचली. सरांनी निम्मीच सांगितली होती. उरलेल्या निम्म्यात एक वेगळंच यंत्र होतं.

इंग्लंड आणि वेल्स यांच्यामध्ये सेव्हर्न नदीचं रुंद मुख आहे. त्याच्या खालून रेल्वेचा बोगदा काढायचं काम ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८७३ मध्ये सुरू केलं. ऑक्टोबर १८७९ मध्ये वेल्सच्या बाजूला जमिनीतला एक प्रचंड झरा फुटला आणि सगळं काम पाण्याखाली गेलं. पाणी नदीचं नव्हतं, जमिनीतलं गोडं होतं. मजूर जीव घेऊन पळाले. पळताना आतलं एक लोखंडी दार उघडंच राहिलं. टॉमस वॉकर या कंत्राटदारानं पंपावर पंप बसवले, पण ते दार उघडं असेपर्यंत उपसा पुरा पडेना. दार होतं बोगद्यात उतरायच्या विहिरीच्या तळापासून हजार फूट आत. मिट्ट काळोख, अरुंद वाट, वाटेत उलटलेल्या ढकलगाड्या, दगड आणि टाकून दिलेली हत्यारं.

नोव्हेंबर १८८० मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या आत गेला. त्या काळचा पाणबुड्या म्हणजे डोक्यावर धातूचा टोप आणि टोपाला वरून येणारी हवेची नळी. नळी ओढायला मदतीला आणखी दोन पाणबुडे वाटेत उभे केले होते. तरी नळी तरंगून बोगद्याच्या छताला चिकटली. हजार फूट नळीचं घर्षण एका माणसाच्या ताकदीला भारी पडलं आणि दाराजवळ पोचायच्या आधीच त्याला मागं फिरावं लागलं.

तेव्हा हेन्री फ्लूस नावाच्या माणसाला बोलावणं गेलं. हा मूळचा व्यापारी जहाजावरचा अधिकारी. त्यानं नुकतंच एक यंत्र केलं होतं, त्याला वरून नळी लागतच नव्हती. फ्लूस स्वतः त्या अंधारात थोडा आत गेला, परत आला आणि पुन्हा जायला तयार झाला नाही. मला त्याचा हा नकार शहाणपणाचा वाटतो. लॅम्बर्टनं ते यंत्र अंगावर चढवलं, थोडी सवय केली आणि गेला. पहिल्या खेपेला दाराच्या आड येणाऱ्या रुळांपैकी एक उचकटून परत आला. दोन दिवसांनी पुन्हा जाऊन दुसरा रूळ काढला, दार लावलं आणि सांगितलं होतं तसे फेरे देऊन शेजारचा व्हॉल्व्ह बंद केला.

पाणी उतरलं, पण हवं तसं उतरेना. पुढं माणसं आत पोचली तेव्हा कारण कळलं. व्हॉल्व्हला डावे आटे होते. तो आधीपासून बंदच होता. लॅम्बर्टनं जिवावर उदार होऊन तो उघडला होता.

माझ्या दृष्टीनं यात लॅम्बर्टचा काडीचा दोष नाही. दोष आहे तो डावे आटे पाडून त्यावर खूण न करणाऱ्या मेस्त्रीचा, आणि ती गोष्ट कागदावर न लिहिणाऱ्या साहेबाचा. बोगदा पुरा होऊन १८८६ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. पंप आणि पाणबुडे यांची अशी जोडी पुन्हा जगानं पाहिली ती २०१८ च्या जुलैत, थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले तेव्हा. त्या वेळी पाणी उपसण्याचा सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ज्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती आमच्या कोल्हापूरपासून गाडीनं फार लांब नाही, त्यामुळं इकडं पंपवाल्यांच्या गप्पांत काही दिवस दुसरा विषय नव्हता. सेव्हर्नला पाणबुड्यानं दार लावलं तेव्हा पंपांना यश आलं. थायलंडात पंपांनी पाणी खाली ठेवलं म्हणून पाणबुड्यांना वाट मिळाली.

आता फ्लूसच्या यंत्राकडं येतो. त्याला पुढं रीब्रीदर हे नाव पडलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या मेस्त्रीला ते बघून हसू आलं असतं, इतकं साधं. रबर चढवलेल्या कापडाचा मुखवटा, एक पिशवी, तांब्याच्या नळकांड्यात दाबून भरलेला ऑक्सिजन, आणि कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात भिजवलेला दोरखंडाचा काथ्या. माणूस श्वास सोडतो तेव्हा त्यातला बराचसा ऑक्सिजन तसाच बाहेर जातो; एकवीस टक्के आत घेतो, सोळा-सतरा टक्के परत टाकतो. वर चारेक टक्के कार्बन डायऑक्साइड. काथ्यातल्या पोटॅशनं तेवढा कार्बन डायऑक्साइड शोषायचा, खर्च झाला तेवढा ऑक्सिजन नळकांड्यातून सोडायचा, आणि तीच हवा पुन्हा फुप्फुसात घ्यायची. आज काथ्याच्या जागी डब्यात भरलेले सोडा लाइमचे दाणे आले, पिशव्या चांगल्या झाल्या. तत्त्व तेच राहिलं.

फायदा किती हे आकड्यात बघा. साध्या स्कूबात प्रत्येक श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. चाळीस मीटर खाली दाब पाचपट, म्हणून टाकीही पाचपट वेगानं रिकामी होते. शरीराला लागणारा ऑक्सिजन मात्र खोलीवर अवलंबून नसतो. हलक्या कामाला मिनिटाला लिटरभर धरला तर छोट्या बाटलीत कित्येक तास निघतात. म्हणून खोल बुडालेली जहाजं आणि पाण्यानं भरलेल्या लांबच लांब गुहा धुंडाळणाऱ्यांना हे यंत्र सोडवत नाही.

आणि याच यंत्रात अशी एक खोड आहे की जी मला, इंजिनवाल्याला, पचायला फार वेळ लागला.

आमच्या उद्यमनगरात इंजिनाचा आजार कानानं ओळखायची पद्धत. ऊस आणि गुऱ्हाळं यांच्या जोरावर इथं ऑइल इंजिनांचा धंदा वाढला. ती दुरुस्त करणारी जी पिढी होती, ती इंजिन चालू करून चार पावलं मागं सरायची आणि ऐकायची. टॅपेट वाजतंय, नोझल नीट फवारत नाही, मेन बेअरिंग गेलंय, प्रत्येक दुखण्याचा आवाज वेगळा. माझे वस्ताद लांब पेचकसाचं टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरत आणि चारातलं कुठलं सिलिंडर ते सांगत. पंचगंगेकाठच्या शेतकऱ्यालाही रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की इंजिन पाणी ओढतंय की नुसतंच फिरतंय. साधा स्कूबा या जातीतला. बिघडला की फसफसतो, हवा जोरात सुटते, नाहीतर श्वास ओढताना जड लागतो. माणसाला कळतं की काहीतरी चुकलंय.

रीब्रीदर बिघडला की काहीच होत नाही. श्वास तितकाच सुखाचा चालू राहतो. ऑक्सिजन संपत आला तर पिशवीत नायट्रोजन उरतो आणि माणूस गुदमरल्याशिवाय, घाबरल्याशिवाय बेशुद्ध होतो, कारण जीव घाबरा होतो तो कार्बन डायऑक्साइड साचल्यानं, आणि तो तर डब्यात शोषला जात असतो. फ्लूसनं हे स्वतःवर करून पाहिलं. पाण्याच्या तळाशी चालताना काय होतं बघू म्हणून त्यानं ऑक्सिजनची चावी बंद केली. वरच्यांनी त्याला बेशुद्ध अवस्थेत ओढून काढला. दुसऱ्या बाजूनं, ऑक्सिजन जास्त झाला तरी मरण. दाबाखालचा ऑक्सिजन झटके आणतो हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ मध्येच छापलं होतं. शुद्ध ऑक्सिजन घेऊन आज सहा मीटरच्या खाली जात नाहीत ते त्यामुळंच. तिसरी तऱ्हा डब्याची. सोडा लाइम सैल भरला की हवा दाण्यांतून न जाता कडेनं वाट काढते. आणि त्यात पाणी शिरलं तर ते क्षाराचं जळजळीत पाणी तोंडात येतं. या एकाच बिघाडाला काहीतरी चव आहे म्हणायचं.

फ्लूसच्या पाठोपाठ रॉबर्ट डेव्हिस आला. सीब गॉर्मन या इंग्रज कारखान्याचा हा प्रमुख. त्यानं हेच तत्त्व छातीवर बांधायच्या पिशवीत बसवलं, आणि १९२९ पासून ब्रिटिश आरमारानं ते पाणबुड्यांतून सुटकेसाठी घेतलं. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात थेटिस ही नवी कोरी पाणबुडी चाचणीतच बुडाली. आत १०३ माणसं होती, कारण खलाशांबरोबर कारखान्याची माणसंही होती. डेव्हिसची पिशवी लावून चार जण वर आले. बाकी ९९ गेले, त्यातले बहुतेक कोंडलेल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं.

ती बुडाली कशानं, ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येक पोरानं पाठ करावं असं आहे. टॉर्पेडोच्या नळीचं मागचं दार उघडण्याआधी नळीत समुद्राचं पाणी आहे का हे बघायला दारावर एक छोटा तपासनळ असतो. तो फिरवला की पाणी यायला हवं. पाणी आलं नाही, म्हणून नळी रिकामी समजून दार उघडलं. नळी समुद्राला सताड उघडी होती. रंगाऱ्यानं आतून इनॅमल लावताना तपासनळाचं भोक बुजवलं होतं. दार चांगलं होतं, नळी चांगली होती, नळही चांगला होता. बिघाड ओळखायला जे भोक ठेवलं होतं तेच मुकं झालं होतं.

पुढची पन्नास वर्षं रीब्रीदर लष्कराकडंच जास्त राहिले. बुडबुडे नाहीत, आवाज नाही, म्हणजे चोरून जायला सोयीचे. दुसऱ्या महायुद्धात इटालियन पाणबुडे असे संच लावून डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रियाच्या बंदरात शिरले आणि दोन ब्रिटिश युद्धनौका तळाला बसवून गेले. ती कथा रंगतदार आहे, पण यंत्राच्या मजबुतीबद्दल तिच्यातून फारसं शिकायला मिळत नाही. युद्धात यंत्र एका रात्रीपुरतं टिकलं तरी चालतं.

खरा बदल १९६८ च्या सुमारास झाला. वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर या दोघांनी इलेक्ट्रोलंग काढला. त्यात ऑक्सिजन किती हे मोजणारे सेन्सर होते आणि इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच चावी उघडत-मिटत असे. मुक्या यंत्राला पहिल्यांदा वाचा फुटली. पण सेन्सर म्हणजे आत शिसं हळूहळू झिजणारी एक छोटी बॅटरी. वर्ष-दीड वर्षात ती म्हातारी होते, आणि म्हातारी झालेली बॅटरी खरं तेवढं सांगू शकत नाही. ऑक्सिजन वाढत गेला तरी तिचा आकडा एका जागी अडकतो. आकडा कमी दिसला की यंत्र आणखी ऑक्सिजन सोडतं. म्हणून एकाऐवजी तीन सेन्सर बसवायची रीत पडली. दोघांचं जमलं की तिसऱ्याला चूक ठरवायचं. ऐकायला पंचायतीसारखं रास्त वाटतं. पण तिन्ही एकाच लॉटमधले, एकाच दिवशी बसवलेले असले तर दोन म्हातारे मिळून एकुलत्या खऱ्याला गप्प बसवतात. एकाच लॉटचे बेअरिंग एकदमच जातात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

अमेरिकेतल्या बिल स्टोन या गुहावाल्या इंजिनिअरनं याला उत्तर म्हणून सगळंच दुप्पट केलं. एका पाठीवर दोन स्वतंत्र यंत्रं. डिसेंबर १९८७ मध्ये फ्लॉरिडातल्या वाकुला झऱ्यात तो चोवीस तास पाण्याखाली राहिला, आणि वर आला तेव्हा यंत्राची निम्मी ताकद शिल्लक होती. मात्र ते धूड माणसाच्या वजनाला मागं टाकणारं होतं. मग १९९७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून इन्स्पिरेशन नावाचा पिवळ्या पेटीचा संच विक्रीला आला आणि हौशी लोकांच्या हाती कारखान्यात बनलेला रीब्रीदर पडला. पुढं युरोपात त्याला मानकही आलं: श्वासाला किती जोर लागावा, डबा किती वेळ टिकावा, किती थंड पाण्यात, हे सगळं यंत्रावर तपासून.

तरी माणसं मेली. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातले १८१ मृत्यू तपासून २०१३ मध्ये लेख लिहिला. धोका साध्या स्कूबाच्या दसपटीच्या आसपास असावा असा त्यांचा अंदाज. मला त्यातलं दुसरंच निरीक्षण जास्त मोलाचं वाटलं. कुठल्याही एका कंपनीचं यंत्र जास्त मारतं असं दिसलं नाही. ज्याचा बाजारात जेवढा वाटा, तेवढेच त्याचे मृत्यू. इलेक्ट्रॉनिक्सनं ऑक्सिजन सोडणारं आणि हातानं सोडायचं, यातही फरक सापडला नाही. चांगल्या मशीनिंगचा अभिमान असलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा टोचतं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला २०१५ मध्ये याहून सोपा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाण्यात जाण्याआधी पाच मिनिटं यंत्रातून श्वास घ्यायचा, डबा नीट नसेल तर तेव्हाच कळेल, अशी जुनी पद्धत होती. वीस जणांना न सांगता डबा काढून टाकलेल्या यंत्रावर बसवलं. पंधरा जणांना कळलं, पाच जण पाच मिनिटं आरामात श्वास घेत बसले. मग डबा ठेवून त्यात थोडी गळती ठेवली. वीसपैकी दोघांनाच कळली. बाकीच्या अठरा जणांनी आपल्या अंगावर विश्वास ठेवला, जसा आमचे वस्ताद कानावर ठेवायचे.

कोल्हापूरला बघून करायची मोठी परंपरा आहे. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास इथंच सिनेमाचा कॅमेरा बनवला. खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ उभा आहे. परदेशी यंत्र उघडायचं, बघायचं, आणि खरादावर तसं करायचं, हीच आमची शाळा. आणि कॅमेऱ्यात ती चालते, कारण कॅमेरा चुकला तर पडद्यावर दिसतं. इंजिनात चालते, कारण ऐकू येतं. मोटारीच्या कास्टिंगची कामं शिरोली, गोकुळ शिरगावात आली तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की गिऱ्हाईक जॉबबरोबर कागदही मागतो: कुठल्या हीटचा, कडकपणा किती, गळती तपासली का, कोणी तपासली. जुने मेस्त्री चिडायचे. "जॉब बघा की, कागद काय बघताय!" मलाही तेव्हा त्यांचंच खरं वाटायचं.

मागं मालवणचा एक ओळखीचा डायव्हिंगवाला आला. हातात सोडा लाइमच्या डब्याचं तडा गेलेलं झाकण. "मेस्त्रीनू, माका असाच एक होया." तारकर्लीला पर्यटकांना मासे दाखवायला रीब्रीदर लागत नाही हे मलाही ठाऊक होतं. पण त्याच्या डोक्यात आंग्रिया बँक होती. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं प्रवाळाचं पठार. सगळ्यांत उथळ जागाही वीसेक मीटर खाली, आणि कडेनं समुद्र खोल उतरत जातो.

झाकण डेलरिन या प्लॅस्टिकमध्ये काढायचं तर काम किरकोळ होतं. व्यास, उंची, ओ-रिंगची खाच, सगळं व्हर्नियर-मायक्रोमीटरनं मोजता येतं. मी त्याला विचारलं, खाच मिलिमीटरच्या पाच शतांशानं खोल गेली तर रिंग दाबली जाईल का? थंड पाण्यात प्लॅस्टिक आणि डबा सारखेच आकसतील का? कडेनं थोडी हवा सुटली तर कळायचं कशानं? आणि इथली माणसं हाताला लागेल ते ग्रीस फासतात. दाबाखालच्या ऑक्सिजनला साधं ग्रीस लागलं तर पेट घेतं, हे पाठ असलेला पोऱ्या तुझ्याकडं आहे का? तो म्हणाला, "तुमका नाय जमूचा तर कोणाक जमतला?" कौतुक होतं, उत्तर नव्हतं. बनवणाऱ्याकडं त्या झाकणामागं तपासण्यांची वही असते. माझ्याकडं फक्त झाकण होतं.

शेवटी खरं झाकण त्यानं कंपनीकडूनच मागवलं. मी त्याला शिकवायला म्हणून ॲक्रिलिकचा आरपार दिसणारा डबा आणि डेलरिनचं झाकण असा जोड करून दिला. पोरांनी टेबलावर त्यात दाणे भरावेत, ठोकून बसवावेत, रिंग विसरून बघावी, केस अडकलेली रिंग लावून बघावी, आणि कडेनं धूर सोडून तो कुठून जातो ते डोळ्यांनी बघावं. झाकणावर "पाण्यात नेऊ नये" असं कोरलं. कोरलेलं घासून जातं आणि माणसं घाईत वाचत नाहीत, म्हणून जोडाचा व्यास खऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठा ठेवला. ते झाकण खऱ्या डब्यावर बसतच नाही.